आमच्या दिव्याचं बटण तुझ्या भिंतीवर

प्रिय धाकटे,

आधी खुर्चीत नीट बस, चष्मा लाव आणि मग पुढे वाच. तुझ्या हॉलला मी रंग दिलाय. तुला न विचारता, ढब्बूला न कळवता आणि आमच्या ह्यांच्या नाकावर टिच्चून. रागवायचं असेल तर खुशाल रागव, पण पत्र फाडू नकोस, अजून बरंच सांगायचंय. शाळेत आमच्या सिस्टर पत्रलेखन शिकवायच्या तेव्हा त्यांचा एक नियम होता. आधी समोरच्याची तब्येत विचारायची, मग इकडची खुशाली द्यायची आणि आपलं काम अगदी शेवटी मांडायचं. कामानेच सुरुवात करणाऱ्या मुलीला त्या सगळ्या वर्गासमोर उभी करायच्या. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी ते भय माझं गेलेलं नाही. तेव्हा, तुझे गुडघे कसे आहेत? माझे होते तसेच आहेत, जिना चढताना दोघं मिळून माझी तक्रार करतात. झालं तब्येतीचं. काम शेवटी सांगते.

हे सगळं सुरू झालं ढब्बूच्या फोनपासून. तुझा लेक आता मोठा साहेब आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत, पण माझ्यासाठी तो ढब्बूच राहणार. मला मूल नव्हतं आणि त्याला दोन आया होत्या. त्याची तीनचाकी मधल्या दारातून इकडून तिकडे फिरायची आणि जिच्या हॉलमध्ये तो पडायचा तिने त्याला उचलायचं, असा आपला हिशेब होता. तर त्याचा फोन आला. आवाज एकदम दप्तरी. म्हणाला, काकू, घराला गिऱ्हाईक आलंय, चांगलं आहे, फक्त ते मधलं दार त्यांना नकोय. मी गवंडी पाठवतोय, विटा पाठवतोय, तेवढं दार बुजवून घ्या, तुम्ही आणि काकांनी काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवा. मी विचारलं, आईला विचारलंस का रे? तर म्हणतो, आईचंही तेच म्हणणं आहे. आणि तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं.

धाकटे, तो खोकला मी ओळखते. तुला सर्दीचा खोकला वेगळा येतो. एखादी गोष्ट पटली नाही की तू बोलत नाहीस, खोकतेस. सासूबाई तुझ्या स्वयंपाकात खोट काढायच्या तेव्हा तू खोकायचीस. भाऊजी पाहुण्यांसमोर फुशारकी मारायला लागले की खोकायचीस. अख्खा जन्म मी भिंतीपलीकडून तो ऐकलाय. ढब्बूला वाटलं असेल आईला खोकला झालाय, औषध द्यायला हवं. 

तुला ठाऊक असलेलंच मी आता पुन्हा लिहिणार आहे, कारण मला ते एकदा सलग लिहून बघायचंय. सासऱ्यांनी ही दोन घरं बांधकाम चालू असतानाच शेजारीशेजारी घेतली, एक थोरल्याला, एक धाकट्याला, आणि दोन्ही हॉलांच्या मधल्या भिंतीत चार झडपांचं रुंद दार ठेवायला लावलं. दोन्हीकडे फरशी एकच. वायरमन आला तेव्हा त्याला बजावलं की हे दोन हॉल समजू नकोस, एकच मोठा हॉल समज. तो बिचारा आज्ञाधारक. त्याने दाराच्या दोन बाजूंना दोन बोर्ड बसवले आणि एकाच हॉलमध्ये करतात तसं सगळ्या पंख्यांची बटणं एका बोर्डावर आणि सगळ्या ट्यूबलाइटची दुसऱ्या बोर्डावर घेतली. म्हणजे तुमच्या हॉलचा पंखा आमच्या भिंतीवरून चालतो आणि आमच्या हॉलचा दिवा तुमच्या भिंतीवरून. सासरे म्हणाले, बरं झालं, दिवेलागणीला एकमेकांचं तोंड तरी बघाल. तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो.

मग सासरे गेले, सासूबाई गेल्या, ढब्बू नोकरीला लागून परगावी गेला, आणि दोघे भाऊ घराचा रंग ठरवायला बसले. हे जन्मभर कचेरीत नकाशे काढणारे, ह्यांना ड्रॉइंग बोर्डावरच्या कापडासारखा हिरवा हवा होता. भाऊजी छापखान्यातले, त्यांना चांगल्या कागदाचा असतो तसा सायीचा रंग हवा होता. एक म्हणाला, हा हॉल आहे की इस्पितळ? दुसरा म्हणाला, हॉल आहे की कोरी वही? तिथून गाडी कुठल्या कुठे गेली, वडिलांच्या आजारपणात कोण किती जागलं इथपर्यंत. शेवटी ज्याची भिंत त्याने रंगवावी असं ठरलं. दाराच्या चौकटीची जाडीसुद्धा वाटून घेतली, अर्धी हिरवी, अर्धी सायीची. दार लागलं. आमच्याकडून त्याला शोकेस टेकली, तुमच्याकडून कपाट. रंगावरून भाऊ तुटले असं कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आपल्याला तर सांगायचीही लाज वाटायची.

बटणं मात्र तिथेच राहिली. वायरमनला बोलावलं असतं तर सकाळच्या वेळात ती बदलून झाली असती. पण का बोलवायचा? हे म्हणायचे, गैरसोय त्याची आहे, त्याने बोलवावा. भाऊजी म्हणायचे, मोठा तो आहे, त्याने बोलवावा. मग टकटक सुरू झाली. एकदा वाजवलं की दिवा, दोनदा वाजवलं की पंखा. बोलणं बंद, जाणंयेणं बंद, जिन्यात समोरासमोर आले तर एकजण छताकडे बघायचा आणि एकजण चपलांकडे. पण संध्याकाळी हे शोकेसच्या फळीवर एकदा वाजवायचे आणि आमचा दिवा लागायचा. दुपारी जेवण झाल्यावर भाऊजी आडवे व्हायच्या आधी कपाटावर दोनदा वाजवायचे आणि हे हातातलं सगळं टाकून उठायचे. एकदाही उशीर केला नाही ह्यांनी. मी एकदा थट्टेने म्हटलं, आज नका लावू, घामाने भिजू दे धाकट्याला. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदार्थ करपल्याचं निमित्त करून आत पळाले.

आपली टकटक तीनदा. म्हणजे स्वयंपाकघराच्या बाल्कनीत ये. त्या दोन बाल्कन्यांच्या मधल्या कठड्यावरून आपण किती वाट्या इकडच्या तिकडे केल्या असतील, आणि किती गोष्टी. तिथेच एकदा तू पेरू चिरत होतीस. मला फोड दिलीस आणि म्हणालीस, वहिनी, दोघांपैकी कुणी आपल्याला विचारलं असतं तर मी हा रंग सांगितला असता. पेरूच्या आतला. दोन्ही हॉलांना. मी म्हटलं, आपल्याला कोण विचारतंय! तू खोकलीस. ती फोड मी खाऊन टाकली आणि ते बोलणंही गिळून टाकलं, असं मला वाटलं होतं.

आता इकडची खुशाली. भाऊजी गेल्यावर ढब्बू तुला घेऊन गेला ते बरोबरच केलं, तू एकटी कशी राहणार होतीस, हे सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. जाताना त्याने तुमच्या घराचा मेन स्विच पाडला. त्याबरोबर आमच्या हॉलचा दिवा गेला. मी म्हटलं आता तरी बटण इकडे घेऊन टाकू. हे म्हणाले, काही नको, टेबललॅम्प आहे. तेव्हापासून आम्ही हॉलमध्ये त्या छोट्या दिव्यात बसतो, सिनेमातल्या हेरांसारखे.

तुझी किल्ली माझ्याकडे. मी अधूनमधून येऊन खिडक्या उघडते, कुंड्यांना पाणी घालते. एकदा दुपारी आले, एरवी मी सकाळी येते. दार उघडलं तर हॉलमध्ये पंखा चालू. मेन पडलेला, घर बंद, सगळीकडे कोंदट वास, आणि भाऊजींच्या दिवाणावर पंखा गरगरतोय. उशीच्या अभ्र्याची कड हलतेय. धाकटे, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, भाऊजी? आणि मग माझी ट्यूब पेटली. पंखा आमच्या बोर्डावरचा. मी तशीच घरी आले. हे बोर्डाखालच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले. मी विचारलं, पंखा कुणी लावला? हे म्हणाले, कुठला? म्हटलं, त्यांचा. ह्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, दुपार झाली की हात जातो. सवय आहे. एवढंच. पलीकडून कुणी वाजवत नाही, तरी हे रोज लावतात, आणि भाऊजी उठायचे त्या सुमाराला बंद करतात.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. दोघांचा राग आला, सासऱ्यांचा आला, वायरमनचासुद्धा आला. आणि सगळ्यात जास्त त्या विटांचा आला, ज्या ढब्बूने पाठवल्या होत्या आणि जिन्याखाली येऊन पडल्या होत्या. त्या भिंतीत विटा बसल्या की दुपारी हात कुठे जाणार ह्यांचा? आणि नवीन माणसं पहिलं काम करणार ते वायरमन बोलावण्याचं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. हे नेमके बँकेत गेलेले. त्याने विचारलं, बाई, विटा वर आणू? मी म्हटलं, विटा राहू देत खाली, आधी ही शोकेस ओढा. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने ती ओढली. मग आम्ही जिन्यावरून वळसा घालून तुझ्याकडे आलो आणि कपाट सरकवलं. दार रंगाने चिकटलं होतं. त्याने थापीची धार फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली आणि खांदा लावला. चारही झडपा एकदम उघडल्या बघ. गवंडी म्हणाला, आता बुजवायचं ना? मी म्हटलं, दादा, हे बुजवायचं नाही, हे काढायचंय, झडपा बिजागरीतून उतरवा. तो म्हणाला, साहेबांनी फोनवर वेगळं सांगितलं. मी म्हटलं, त्या साहेबांचं नाक मी पुसलेलं आहे. तो हसला आणि त्याने पेचकस मागितला. कपाटाखालची फरशी, धाकटे, अगदी नवी आहे. आजूबाजूची झिजली, तेवढा चौकोन पहिल्या दिवशीसारखा चकचकीत. दोन्ही बाजूंना.

आता तू म्हणशील, रंग, सुतार, पडदे, थोरलीला लॉटरी लागली की काय? काही लागलेलं नाही. पेन्शनवरची माणसं आम्ही, घरात जे होतं त्यातूनच सगळं केलं. शोकेसची वरची लांब फळी सागवानी निघाली, मधल्या काचा आणि त्यातल्या बाहुल्या गेल्या म्हणून कुणी रडलं नाही. ढब्बूच्या विटा मी वर आणवल्या आणि त्या रचून त्यांवर ही फळी टाकली. झाला बाक. तो मी दारातून असा आडवा ठेवलाय की अर्धा तुझ्या हॉलमध्ये आणि अर्धा माझ्या, शेजारून जायला वाट आहेच. ज्या विटांनी दार बंद व्हायचं होतं त्यांवर मी बसून हे पत्र लिहितेय. तुझा तो तपकिरी सोफा आणि आमचा मरून, दोघांचे रंग एकमेकांना खायला उठायचे, म्हणून दोघांना तुझ्या कपाटातल्या जाड चादरींचे अभ्रे शिवले. हो, तुझ्या चादरी. सिस्टरनी शिकवलेला धावदोरा आणि हातशिलाई या वयात कामी आली. शिलाई सरळ नसेल तर त्या उसवायला लावायच्या, म्हणून मीही दोनदा उसवली. उरलेल्या कापडाचे पडदे, दोन्हीकडे सारखे.

गवंड्याच्या ओळखीचा रंगारी त्याच दिवशी आला तेव्हा मी त्याला बशीत पेरूची फोड दिली. तो खायला लागला. म्हटलं, अहो खाऊ नका, हा रंग हवाय. तो म्हणाला, बाई, हॉलला गुलाबी? हॉल आहे का बाळाची खोली? मी म्हटलं, गुलाबी नाही, पेरू. फोड काळी पडायच्या आत नीट बघून घ्या. त्याने एका डब्यात थोडा रंग कालवून दाखवला, मी नाही म्हटलं, पुन्हा कालवला, पुन्हा नाही म्हटलं, तोवर त्याने तीन पेरू संपवले. शेवटी जमला. मग त्याने सांगितलं की हा दोनतीन रंगांतून आलेला रंग आहे, आज कालवला तसा उद्या येईल याची खात्री नाही. कालवायचा तर दोन्ही हॉलांचा एकदम, आणि कालवला की दोन्हीकडे लावून संपवायचा. म्हटलं, तेच तर हवंय. तुझा कपडे भिजवायचा निळा टब बाहेर काढला आणि त्यात साधा डिस्टेंपर कालवला, सगळ्यात स्वस्तातला. टबाचं काय झालंय ते तू आल्यावर बघ.

हे बँकेतून आले तेव्हा टब भरलेला, दार उघडं, आणि पलीकडे भाऊजींचा दिवाण सरळ दिसत होता. हे चौकटीपाशी थबकले. विचारलं, हा काय प्रकार आहे? म्हटलं, रंग. कुणी सांगितला? म्हटलं, धाकटीने. हे म्हणाले, ती भिंत आपली नाही, त्यांची आहे, त्यांच्या भिंतीला हात लावायचा आपल्याला काय अधिकार? आवाज चढला होता. मीही चढवला. आमच्या अख्ख्या संसारात मी पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलले असेन, रंगारी गच्चीवर निघून गेला. मी म्हटलं, अधिकाराचं तुम्ही दोघांनी पुष्कळ बघितलं, आता मी आणि धाकटी बघू. रंग कालवून झालाय. फेकायचा असेल तर उचला टब आणि तुम्ही फेका. मला ठाऊक होतं काय ते. ज्या माणसाने नोकरीत खोडरबराचा शेवटचा तुकडासुद्धा वाया घालवला नाही, तो टबभर रंग फेकणार? हे जिन्यावर जाऊन बसले. शेजारपाजारचे येताजाता विचारायचे, काय हो, बाहेर का? हे सांगायचे, घरात काम चालू आहे.

पण दुसऱ्या दिवशी रंगारी चौकटीच्या जाडीवर ब्रश ठेवणार तेवढ्यात हे मागून म्हणाले, थांबा. ती जाडी, आठवते ना, अर्धी हिरवी आणि अर्धी सायीची. भाऊजींनी त्यांची अर्धी बाजू स्वतः रंगवली होती, माणूस न लावता. हे जवळ गेले, चष्मा वर केला, आणि जिथे दोन रंग मिळतात तिथे बोट फिरवलं. म्हणाले, त्याची रेघ वाकडी आहे. तेव्हाच सांगितलं होतं मी, पट्टी लावून घे. मग आत गेले, त्यांचा तो जुना स्टीलचा फूटपट्टीचा डबा काढला, कागदी चिकटपट्टी काढली आणि बारीक ब्रशने ती रेघ वरपासून खालपर्यंत सरळ करत बसले. दोन्ही रंग तसेच ठेवलेत, फक्त रेघ सरळ केली. दोन्ही हॉल आता पेरूच्या रंगाचे आहेत, आणि मधे चौकटीत बोटभर हिरवा नि बोटभर सायीचा. त्यानंतर ह्यांनी माप घेऊन दाराच्या दोन झडपा जोडल्या आणि जेवायचं टेबल केलं. डगमगतं जरा. मी काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

मग गिऱ्हाईक आलं. दलाल, एक नवरा आणि एक बायको. माणसं चांगली होती हो, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. चहा दिला, ती बाकावर बसली. बाई म्हणाली, वा, प्रशस्त आहे, आमचं घर कुठून सुरू होतं? मी म्हटलं, तुम्ही बसलाय त्या बाकाच्या मध्यावर कुठेतरी. दलाल घाईघाईने म्हणाला, इथे भिंत येणार आहे, साहेबांशी बोलणं झालंय. त्यावर आमचे हे, जे आजवर या विषयावर चकार शब्द बोलले नव्हते, ते घसा खाकरून म्हणाले, भिंत येऊ दे, पण एक सांगून ठेवतो, तुमच्या हॉलचा पंखा माझ्या बटणावर चालतो. दुपारी आडवं व्हायचं असेल तर भिंतीवर दोनदा वाजवा. मी घरी असलो तर लावीन. नवरा म्हणाला, म्हणजे? हे म्हणाले, म्हणजे टकटक करायचं. आणि आमचा दिवा तुमच्याकडे आहे, संध्याकाळी आम्ही एकदा वाजवू, तुम्ही घरी राहत जा. दलाल म्हणाला, काका, वायरमन आणून बदलून घेऊ. हे म्हणाले, माझ्या भिंतीवरच्या बोर्डाला मी जिवंत आहे तोवर कुणी हात लावणार नाही. चहा संपायच्या आत उठली माणसं. जाताना बाई मला हळूच विचारत होती, रंग कुठला हो हा?

ढब्बूचा फोन त्याच संध्याकाळी आला. काकू, तुम्ही हे काय करून ठेवलंत, दुसऱ्याच्या मालमत्तेत असं करता येत नाही, हे कायद्याला धरून नाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, बाळा, तुझ्या सायकलच्या चाकाने चौकटीला पाडलेली खाच अजून आहे, गुडघ्याच्या उंचीवर, ती कुणाच्या मालमत्तेत येते ते विचारून सांग. वाईट नाहीये गं तो. त्याला वाटतं म्हातारी माणसं एका ठिकाणी गोळा करून नीट झाकून ठेवली की काळजी मिटली. मी त्याला सांगितलं, मला आईशी बोलायचंय. तर म्हणाला, फोन स्पीकरवरच आहे, बोला. स्पीकरवर काय बोलू मी तुझ्याशी? तू खोकलीस तेवढंच ऐकलं.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते सूनबाईच्या कचेरीच्या पत्त्यावर. ती म्हणाली, काकू, मी आईंच्या हातातच देईन, आणि तेव्हा हे घरी नसतील असं बघेन. तिचे हे म्हणजे आपला ढब्बू. गुणाची पोर आहे. आता काम. घर तुझ्या नावावर आहे, सही तुझीच लागणार आहे, आणि ढब्बू कागद घेऊन येईल तेव्हा नुसतं खोकून भागायचं नाही, धाकटे. तोंड उघडून नाही म्हणावं लागेल. तुला खरंच तिथेच राहायचं असेल तर मला तसं तुझ्या हाताने लिही, मी गवंड्याला परत बोलावीन आणि बाकाच्या विटा मोजून त्याच्या हातात देईन. पण नसेल राहायचं, तर ऐक. तुमचा मेन आता चालू आहे. दार उघडं आहे. आमच्या दिव्याचं बटण माझ्या बाकापासून चार पावलांवर आहे, कुणीही उठून दाबावं. काल संध्याकाळी अंधारून आलं तशी मी उठले, तर हे टेबललॅम्प लावत म्हणाले, राहू दे. म्हटलं, अहो, का आता? हे म्हणाले, ते बटण त्यांच्याकडचं आहे, धाकटी आली की लावेल. तर तू ये आणि लाव. किती दिवस मी या हेरांच्या उजेडात पत्रं लिहायची? मोठी बॅग आण, परतीचं तिकीट काढू नकोस. आणि ढब्बू भांडायला बरोबर येणार असेल तर येऊ दे, फक्त त्याला सांग, भिंतीला टेकायचं नाही, स्वस्तातला रंग आहे, अंगाला लागतो.

वाट बघत बसलेली,
तुझीच,
थोरली